अध्यक्षांचा चाकू मिटेना

घडीचा चाकू कसा निवडावा, या विषयात आमच्या पेरगाक गावात माझा हात धरणारा माणूस नाही, असं तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. हसू नका! स्वस्त, मजबूत, शिकारीला चालेल, रानात चालेल आणि जेवणाच्या टेबलावरही चालेल असा चाकू शोधणं म्हणजे पोरखेळ नाही. जावई शोधायला मला एवढा वेळ लागला नव्हता.

आमच्या डोंगरात पुरुष एक वेळ टोपीशिवाय बाहेर पडेल, पण चाकूशिवाय पडणार नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुरुषांच्या ताटाशेजारी सुरी ठेवत नाहीत. ज्यानं त्यानं आपापला खिशातून काढायचा. बहुतेकांचे चाकू शिंगाच्या मुठीचे, हातानं घडवलेले, तीनतीनशे युरोंचे. असे चार चाकू मी सहा वर्षांत रानात हरवले! एक ओढ्यात गेला, एक चेस्टनटच्या पाचोळ्यात, एक कुत्र्यांच्या गाडीत शेवटचा दिसला होता. चौथ्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं, पण सोलांजला कळलं. बायकोला कळतंच.

"फिर्मँ," ती म्हणाली, "आता पुढचा घेशील तो हरवायच्या लायकीचा घे!"

म्हणून मी लागोपाठ तीन शनिवार बाजारात गेलो. तिथे एका बाईचा चाकूंचा ठेला आहे. पहिल्या शनिवारी मी मुठी तपासल्या, दुसऱ्या शनिवारी पाती, तिसऱ्या शनिवारी त्या बाईचा संयम. एका चाकूनं मी कागद कापला, दुसऱ्यानं दोरी, तिसऱ्यानं मनगटावरचे केस.

"मोस्यू, दाढी पण करून घेता का?" बाई म्हणाली.

"पातं गंजणार नाही ना?"

"नाही."

"मूठ कशाची?"

"लाकडाची. आणखी कशाची असणार अकरा युरोंत? हस्तिदंताची?"

घेतला! चार बोटं लांबीचं पातं, हातात बसणारी बीच झाडाच्या लाकडाची मूठ, उघडल्यावर पातं पक्कं धरून ठेवणारी कडी. अकरा युरो! घरी येईपर्यंत मी तो खिशात चाळीस वेळा चाचपला असेन. गावात भेटेल त्याला मी तो काढून दाखवला आणि तीनशे युरोवाले कसे मूर्ख ठरले, तेही समजावून सांगितलं. त्यातले बरेचसे तीनशे युरोवालेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आणि त्याच आठवड्यात मी गावच्या शिकार मंडळाचा अध्यक्ष झालो!

सिप्रियाँबाबांनी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांमुळे पद सोडलं. उभे राहिलो आम्ही दोघं, मी आणि मार्सेलँ खाटीक. मला अकरा मतं, त्याला दहा. ते अकरावं मत होतं फेर्नाँचं. फेर्नाँ स्वतः शिकार करत नाही, पण त्याच्या शेतात मंडळाला शिरता येतं, म्हणून त्याला मत आहे. आणि ओढ्याकाठी त्याचा मका आहे, जो रानडुकरं रोज संध्याकाळी येऊन आडवा करतात.

"पहिल्याच रविवारी माझ्या मक्यात हाकारा घालून डुकरं उठवणार असशील तर मत तुझं," तो म्हणाला होता. मी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला होता. म्हणजे माझी खुर्ची त्या मक्यात उभी होती म्हणा ना.

आता अध्यक्षाचं काम काय? कुणी कुठे उभं राहायचं ते सांगणं, सुरक्षेचे नियम वाचून दाखवणं, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे जेवणानंतर चाकू मिटणं. आमच्या मंडळाच्या खोलीत जेवण सुरू होतं ते अध्यक्षानं चाकू उघडला की, आणि संपतं ते अध्यक्षानं चाकू खट्टकन मिटला की. तोवर कुणी उठायचं नाही. मग बाहेर कुत्री भुंकोत, पाऊस पडो, की कुणाच्या बायकोचा फोन येवो! आणि अध्यक्ष स्वतः उघडा चाकू ठेवून उठला तर तो कुणाशी तरी भांडायला उठला असं धरतात. सिप्रियाँबाबांच्या चाकूचा खट्ट आवाज तर असा, की एकतीस वर्षं अख्खी खोली त्यावर एकदम उभी राहायची.

तो पहिला रविवार उजाडला. पावसाची भुरभुर चालली होती. मंडळाच्या खोलीसमोर आम्ही चौदा शिकारी नारिंगी जाकिटं घालून उभे होतो. मार्सेलँ माझ्याकडे बघून हसला.

"अध्यक्ष महाराज, तुमचा तो अकरा युरोंचा दागिना दाखवा की! पावसात काढू नका हं, विरघळायचा."

हशा पिकला. माझं डोकं सणकलं. दारापाशी कुत्र्यांच्या पाण्याची बादली भरलेली होती. मी चाकू उघडला आणि सगळ्यांदेखत डुबुक करून बादलीत टाकला!

"राहू दे दुपारपर्यंत! जेवायला येऊ तेव्हा काढू. गंजाचा एक ठिपका दिसला तर माझं नाव बदला!"

"तसला चाकू बादलीत घालू नये रे पोरा," सिप्रियाँबाबा पुटपुटले. पण मी अध्यक्ष होतो. अध्यक्षानं माजी अध्यक्षाचं ऐकायचं असतं का?

सकाळी वरच्या रानात हाकारा झाला. काही हाती लागलं नाही. काही हरकत नव्हती, खरा हाकारा दुपारी होता. साडेबाराला परत आलो. मी बादलीत हात घालून चाकू काढला आणि उंच धरला. पातं लख्ख! गंजाचा मागमूस नाही! मार्सेलँनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि नाइलाजानं मान हलवली. माझी छाती इतकी फुगली की जाकिटाचं बटण तुटायचं बाकी राहिलं.

जेवायला बसण्याआधी मी छोटं भाषण केलं. "मित्रहो, एक तासात जेवण. प्रत्येकी एकच पेला वाइन. दुसरा पेला म्हणजे बंदूक कुलपात! अडीच वाजता फेर्नाँच्या मक्यात. शब्द दिलाय मी."

टाळ्या पडल्या. स्वयंपाक ओदिलचा होता. चाळीस वर्षं मंडळाचा स्वयंपाक तीच करते. सूप झालं, सॉसेज झालं, चीज घालून घोटलेल्या बटाट्यांचा आलिगो झाला, जो पळीनं वर उचलला की हातभर तार सुटते. मग चीज आलं. पावणेदोन वाजले. सगळं घड्याळाप्रमाणे! मी तोंड पुसलं, ऐटीत चाकू उचलला, पात्यावर अंगठा ठेवला आणि मिटला.

मिटला नाही.

पुन्हा दाबलं. ढिम्म! मी मुठीकडे निरखून पाहिलं. चार तास पाण्यात राहून लाकूड फुगलं होतं. पातं मिटल्यावर ज्या खाचेत बसतं ती खाचच मिटली होती, आणि कडी अशी आवळली होती की फिरवता फिरेना.

तेरा जण माझ्याकडे पाहत होते. मार्सेलँ तर भुवया उंचावून पाहत होता. आता खरं सांगायचं म्हणजे, 'मार्सेलँ, तू म्हणालास तेच खरं' हेच सांगायचं! जीव गेला तरी चालेल, पण ते नाही. मी काय केलं? तोच उघडा चाकू पुढे केला आणि चीजचा आणखी एक तुकडा कापला.

"छान आहे हो चीज," मी म्हणालो.

तेरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूट चीज घेतलं.

मी टेबलाखाली चाकू गुडघ्यावर दाबला. रुमालात धरून कडी पिळली. बाकाच्या कडेवर रेटला. बाक हलला, चाकू नाही. अडीच वाजून पाच मिनिटांनी खिशातला फोन वाजला. फेर्नाँ!

"मी मक्याच्या बांधावर उभा आहे. कुठे पोचलात?"

"चीज चाललंय," मी म्हणालो.

"असं होय! होऊ द्या सावकाश," फेर्नाँ म्हणाला. चीज चालू असताना आमच्याकडे कुणी कुणाला घाई करत नाही.

तीन वाजता कुजबूज सुरू झाली. शेवटी टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "मला कळलं! अध्यक्ष डुकरांना गाफील ठेवतायत. ती रोज संध्याकाळी येतात ना? उशिरा निघायचं आणि मक्यातच गाठायचं!"

मी फक्त डोळे बारीक केले. बस! खोलीभर माझ्या डावपेचाची वाहवा झाली. मार्सेलँनंसुद्धा मान डोलावली. मला स्वतःलाही क्षणभर वाटलं, की खरंच डावपेच असेल!

पण डावपेच चालू ठेवायचा तर खाणंही चालू ठेवायला हवं होतं. चीज संपलं. पाव संपत आला. मी रिकाम्या ताटात चाकू फिरवत होतो. ओदिल स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं माझा उघडा चाकू पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"कमी पडलं?"

"नाही नाही ओदिल, पोट अगदी—"

"मग चाकू का उघडा? कमीच पडलं! चाळीस वर्षांत माझ्या टेबलावरून अध्यक्ष अर्धपोटी उठला नाही. सिप्रियाँबाबा, कधी उठलात का?"

"कधीच नाही," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले.

"झालं तर! पहिल्याच रविवारी नव्या अध्यक्षानं माझी अब्रू काढली!" तिचा आवाज कापायला लागला. मी समजूत घालायला तोंड उघडेपर्यंत ती गाडीत बसून घरी गेलीसुद्धा. वीस मिनिटांनी परत आली ती दोन मोठ्या बरण्या पोटाशी धरून. नाताळासाठी चरबीत मुरवून ठेवलेलं बदक! आणि बदकाआधी सूप हवं, म्हणून पुन्हा सूप! जेवण पहिल्यापासून सुरू झालं.

दुसऱ्या सूपच्या वाफेत मला अक्कल सुचली. लाकूड फुगलंय ना? मग वाळवायचं! "बाबांनो, मला जरा थंडी वाजतेय," मी म्हणालो आणि न उठता बाकावरून सरकत शेगडीपाशी गेलो. "आणखी दोन ओंडके टाका!" ओंडके पडले. पाचदहा मिनिटांत जाकिटं उतरली, मग स्वेटर. चाकू शेगडीजवळ धरायला निमित्त हवं म्हणून मी पात्यावर पावाचा तुकडा खोचून भाजू लागलो. ती नव्या अध्यक्षाची पद्धत असावी असं समजून रांगेनं चार जण तीनशे युरोंच्या चाकूंवर पाव भाजायला बसल्याबसल्या सरकत आले! सिप्रियाँबाबा गालातल्या गालात हसत होते.

चार वाजता पुन्हा फोन.

"फिर्मँ, पाऊस वाढलाय. आता तरी निघालात ना?"

"सूप चाललंय," मी म्हणालो.

"मघाशी चीज होतं ना?"

"हो."

"चीजनंतर सूप?" फेर्नाँनं विचारलं आणि फोन ठेवला.

साडेचारला बदक आलं. काय ते बदक! कातडी कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ, सोबतीला चरबीत तळलेले बटाटे. आणि चौदा माणसं ते पाण्याबरोबर खात होती! पाण्याबरोबर, हो! मार्सेलँ हळूच उभा राहायला गेला, माझ्या चाकूकडे पाहून पुन्हा बसला आणि बसल्याबसल्या त्यानं हात वर केला.

"अध्यक्ष, एक नियमाची शंका आहे. एका पेल्याचा नियम माणशी, की जेवणामागे? कारण हे दुसरं जेवण आहे."

मी बदकाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, मक्याच्या दिशेनं पाहिलं. दुसरा पेला म्हणजे बंदूक कुलपात, हा माझाच नियम. हो म्हटलं की हाकारा संपला, फेर्नाँचा मका गेला, माझा शब्द गेला. नाही म्हटलं तर हे सगळे मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. मला खरंच लाज वाटली, हे इथे सांगून टाकतो. पण त्या घडीला 'मित्रांनो, माझा चाकू अडकलाय' एवढे चार शब्द मला जमले असते, तर ही गोष्ट केव्हाच संपली असती.

"जेवणामागे," मी म्हणालो.

असा जल्लोष माझ्या निवडीच्या दिवशीही झाला नव्हता! मार्सेलँनं भिंतीवरच्या बंदुका एकेक करून कपाटात ठेवायला लावल्या. उठायचं नव्हतं, म्हणून त्या बसल्याबसल्या हातोहात पुढे सरकवल्या. कपाटाला कुलूप लागलं आणि बाटल्यांची बुचं निघाली. मग अक्रोडाचा केक, मग गाणी. बाहेर गाडीत कुत्र्यांनीही रडून रडून शेवटी झोप काढली.

सहा वाजता तिसरा फोन. फेर्नाँ बोललाच नाही. त्यानं फोन नुसता मक्याकडे धरला असावा. आधी पावसाचा आवाज आला, मग मक्याची ताटं मोडल्याचा कडाकडा आवाज, आणि मग समाधानानं चाललेलं मचमच. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अकरा आहेत. पिलं धरून." आणि फोन बंद झाला.

अकरा! जितकी मला मतं पडली तितकीच. मी टेबलाखाली त्या चाकूशी अक्षरशः झोंबू लागलो. कडी किंचित फिरली, पण पातं काही आत जाईना.

पावणेसातला सिप्रियाँबाबा माझ्या कानाशी वाकले.

"पोरा, मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. सव्वासहा तास बसलोय. मला जायचंय. समजलास ना, कुठे जायचंय?"

"बाबा," माझा धीरच सुटला, "मिटत नाही हो हा!"

"ते मला पावणेदोनलाच कळलं. हात ठेव त्याच्यावर. झाक. आणि जरा तोंडावर अध्यक्षपण आण!"

मी दोन्ही हात चाकूवर ठेवले. बाबांनी मिशी पुसल्यासारखा पंजा तोंडासमोर नेला, आणि खट्ट! खणखणीत! ओठांच्या आड, जिभेनं!

सगळे बाक मागे सरकले. खोली एकदम उभी राहिली. मी मात्र तोंड उघडं टाकून बाबांकडे बघत राहिलो.

"माझ्या चाकूची स्प्रिंग मोडली त्याला सतरा वर्षं झाली," दाराकडे लगबगीनं जाता जाता बाबा पुटपुटले. "लोकांना आवाज लागतो रे. चाकूकडे कोण बघतंय!"

उघडा चाकू खिशात जाईना, हातात धरून बाहेर पडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. शेवटी मी तो उरलेल्या पावाच्या पोटात मुठीसकट खुपसला, पाव काखेत मारला आणि एकटाच फेर्नाँच्या शेताकडे चालत गेलो. कुणाला सोबत घ्यायला तोंड नव्हतं.

उजेड मावळत होता. मका कसला, चिखलात लोळलेली चटई होती ती! बांधावर फेर्नाँ उभा होता, टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. मी वाटभर माफीचे शब्द जुळवत आलो होतो. त्यानं माझ्या काखेकडे पाहिलं.

"निदान पाव तरी आणलास," तो म्हणाला. त्यानं पाव घेतला, मोडला, त्यातून उघडा चाकू निघाला. त्याला वाटलं, सोय म्हणून ठेवलाय! त्यानं त्याच चाकूनं दोन तुकडे कापले. "धार चांगली आहे," तो म्हणाला. मग चावता चावता विचारलं, "काय काय होतं?"

"सूप. सॉसेज. आलिगो. चीज," मी खाली मान घालून सांगितलं. "मग पुन्हा सूप. मग बदक. अक्रोडाचा केक."

"ओदिलचं बदक? बरणीतलं?"

"हो."

फेर्नाँ चावायचा थांबला.

"मका गेला, त्याचं मी काही म्हणत नाही," तो सावकाश म्हणाला. "डुक्कर आहे, ते खाणारच. पण फिर्मँ, सहा तासांवर जेवलात, दोनदा सूप झालं, ओदिलनं नाताळचं बदक फोडलं, आणि मी पाचशे पावलांवर पावसात उभा. तीन वेळा फोनवर बोललो आपण! 'फेर्नाँ, ये रे जेवायला' एवढं तुझ्या तोंडून एकदाही निघू नये?"

मी चिखलातलं मक्याचं एक ताट उचलून उभं करून पाहिलं. ते पुन्हा आडवं झालं.

शुक्रवारी मंडळाची तातडीची सभा झाली. त्या जेवणाबद्दल सगळ्यांनी माझी तोंडभरून स्तुती केली, ओदिलनं तर उभं राहून केली. मग मतदान झालं आणि मी एका मतानं पडलो. आता मार्सेलँ अध्यक्ष आहे. त्यानं पहिला ठराव मांडला तो फेर्नाँला दर रविवारी टेबलावर कायमची जागा देण्याचा. ती जागा माझ्या शेजारी आहे, दाराजवळ, जिथे वारा लागतो. तो माझ्याशी बोलत नाही. पण परवा त्यानं मी न मागता मोहरीची बरणी माझ्याकडे सरकवली. तेवढ्यावर मी पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं म्हणतोय!